छायाचित्रावरचे नाव पुसले कसे जाते

राजगडाच्या सुवेळा माचीवरून पहाटे टिपलेले एक छायाचित्र मी काही वर्षांपूर्वी समाजमाध्यमावर टाकले होते. खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक पांढऱ्या अक्षरांत माझे नाव होते. दोनेक महिन्यांनी तेच छायाचित्र एका नातेवाइकांकडून ‘शुभ सकाळ’ म्हणून माझ्याकडे परत आले. वर सुविचार होता आणि नावाच्या जागी गुलाबाचे टपोरे फूल. वॉटरमार्क म्हणून मी जे काही केले होते, त्याला एक फूल पुरेसे ठरले.

वॉटरमार्क हा शब्द मूळचा कागदाचा. तेराव्या शतकात इटलीतल्या फाब्रियानो गावातील कागद बनवणाऱ्यांनी लगदा गाळायच्या चाळणीवर वाकवलेल्या तारेची नक्षी बसवली. तारेवर लगद्याचा थर पातळ बसतो आणि वाळलेला कागद उजेडासमोर धरला की ती नक्षी उमटून दिसते. आपल्या नोटेवरची गांधीजींची छबीही अशीच कागदाच्या जाडीतील फरकातून दिसते. ते चिन्ह कागदाच्या अंगातच असल्यामुळे कागद न फाडता ते काढता येत नाही. छायाचित्रावर आपण टाकतो ते अर्धपारदर्शक नाव मात्र वरून चढवलेले असते आणि ते चढते साध्या गणिताने.

हे गणित एका पिक्सेलपुरते, म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांचे बनते त्यातल्या एका ठिपक्यापुरते पाहू. संगणकाच्या लेखी काळ्याची किंमत 0 आणि पांढऱ्याची 255. आकाशातल्या एका पिक्सेलची किंमत 200 आहे आणि त्यावर पांढऱ्या अक्षराचा 40 टक्के थर चढवायचा आहे, असे समजा. 200 चे 60 टक्के म्हणजे 120, 255 चे 40 टक्के म्हणजे 102, आणि दोहोंची बेरीज 222. आता अक्षराचा रंग आणि थराचे प्रमाण ज्याला ठाऊक आहे, तो 222 मधून 102 वजा करून उरलेल्या 120 ला 0.6 ने भागेल आणि त्याच्या हाती मूळचे 200 जसेच्या तसे येतील. पुसण्यासाठी खोडरबर लागत नाही, वजाबाकी आणि भागाकार पुरतो.

प्रश्न एवढाच उरतो, की थराचे प्रमाण आणि अक्षरांचा नेमका आकार चोराला कळणार कसा? याचे उत्तर गूगलमधील ताली डेकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले. छायाचित्रे विकणारी संकेतस्थळे हजारो चित्रांवर एकच चिन्ह उमटवतात. अशी शेकडो चित्रे एकावर एक ठेवून, शेजारच्या पिक्सेलांमध्ये किंमत किती बदलते याचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढला, तर डोंगर, माणसे, इमारती प्रत्येक चित्रात निराळ्या असल्याने एकमेकांना पुसून टाकतात आणि सगळीकडे सारखे असलेले चिन्ह तेवढे वर येते. एकच शिक्का सगळीकडे मारण्याची जी शिस्त आपण ओळख म्हणून जपतो, तीच चोराच्या कामी येते. चिन्हाची जागा बदलत राहिल्याने किंवा गडदपणा थोडा कमीजास्त केल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. मात्र प्रत्येक चित्रावर चिन्हाचा आकार जरासा वेडावाकडा केला, तर वजाबाकी चुकते आणि अक्षरांच्या कडांचे भूत चित्रात रेंगाळत राहते.

कोपऱ्यातल्या नावाला तर एवढाही खटाटोप लागत नाही. चित्र कापले की झाले. चेहरा, दागिन्यांची कलाकुसर किंवा पानांची दाटी अशा तपशिलांनी भरलेल्या भागावर नाव घातले, तर ते पुसायला आलेल्या सॉफ्टवेअरला खालचे चित्र अंदाजाने रंगवावे लागते. मोकळ्या आकाशावर मात्र हा अंदाज सहज खपतो, आणि माझे नाव नेमके धुक्यावर होते.

दुसरा मार्ग न दिसणाऱ्या चिन्हाचा. 200 चे 201 केले तर डोळ्याला फरक कळत नाही, म्हणून प्रत्येक पिक्सेलच्या किमतीतील शेवटच्या द्विमान अंकात (संगणक किंमत ज्या 0 आणि 1 मध्ये लिहितो, त्यातल्या शेवटच्या अंकात) संदेश लपवता येतो. पण जेपेग पद्धतीने चित्र आकुंचित होताना असे बारीक फरक सर्वांत आधी जातात, त्यामुळे एकदा पुढे पाठवले की हा संदेश संपला. इंगेमार कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये याच्या उलट वाट धरली. चित्राची लहरींमध्ये फोड करायची आणि ज्या लहरी काढल्या तर चित्रच बिघडेल, अशा हजारभर ठळक लहरींच्या मापांत किंचित बदल पेरायचे. फाब्रियानोच्या तारेच्या जवळ जाणारी युक्ती हीच, असे मला वाटते. चित्र छापून, झेरॉक्स काढून, पुन्हा स्कॅन केल्यावरही त्यांना हे चिन्ह ओळखता आले. मात्र ते तपासण्यासाठी त्यांच्या पद्धतीत मूळ चित्र जवळ असावे लागते. शिवाय न दिसणारे चिन्ह चोरी थांबवत नाही, चोरी झाल्यावर साक्ष देते.

साक्षीला आपल्याकडे किंमत आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65ब आले. त्यानुसार चित्रातील हक्कविषयक माहिती, म्हणजे कर्त्याचे नावही, जाणूनबुजून व अधिकाराविना काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा आणि दंडाचा गुन्हा आहे. कॉपीराइट छायाचित्र टिपताक्षणीच निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. तरीही चित्र आपलेच आहे हे दाखवावे लागते. त्यासाठी मी आता कॅमेऱ्यातली रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न झालेली मूळ नोंद, जपून ठेवतो आणि चारही बाजूंनी थोडे कापलेले, लहान आकाराचे चित्रच बाहेर पाठवतो. सुवेळा माचीच्या त्या छायाचित्राच्या मूळ फाइलमध्ये डावीकडे मित्राच्या लाल सॅकचा पट्टा आला आहे. गुलाबाच्या फुलासह फिरणाऱ्या प्रतीत तो कुठेच नाही.