हिवतापाने राखलेला सिकलसेल

सिकलसेल हा तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार. 'सिकलसेल असला की हिवताप होत नाही,' हा गैरसमज विदर्भात आणि नंदुरबारकडे अजून ऐकू येतो. संरक्षण मिळते ते फक्त वाहकाला, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच सिकल जनुक आलेल्या 'एएस' पॅटर्नला. तेही हिवतापाची लागण होण्यापासून नव्हे, तर फॅल्सिपेरम या परजीवीच्या जीवघेण्या हिवतापाने दगावण्यापासून. दोघांकडूनही ते जनुक आलेल्या 'एसएस' रुग्णाला हिवताप उलट जास्त घातक ठरतो.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते, साध्या हिमोग्लोबिनपेक्षा फरक एवढाच. वाहकाच्या तांबड्या पेशीत असे एस हिमोग्लोबिन साधारण 40 टक्के असते आणि एरवी ते त्रास देत नाही. फॅल्सिपेरम परजीवी पेशीत शिरला की 48 तासांत वाढून तिला फोडतो. पहिला दिवसभर तो पेशीबरोबर रक्तात फिरतो. मग पेशीच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनाच्या गाठी उभारतो आणि बारीक केशवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसतो, म्हणजे प्लीहेच्या गाळणीत सापडायला नको. मेंदूतल्या केशवाहिन्या अशा तुंबल्या की मूल बेशुद्ध पडते.

वाहकाच्या पेशीत हा डाव दोनदा फसतो. गाठी वेड्यावाकड्या आणि विरळ उगवतात, त्यामुळे पकड ढिली पडते. शिवाय जिथे चिकटायचे तिथेच प्राणवायू कमी. तिथे एस हिमोग्लोबिनचे धागे जुळू लागतात आणि परजीवीची वाढ खुंटते.

अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून 1954 मध्ये हा संबंध मांडला. त्यामागचा हिशेब असा: समजा, वाहक मुले सगळी वाचतात, साध्या रक्ताच्या 100 मुलांपैकी 15 हिवतापाने जातात आणि एसएस मुले एकही मोठी होत नाहीत. मग सिकल जनुकाचे प्रमाण 0.15 भागिले 1.15, म्हणजे 13 टक्क्यांवर स्थिरावते. जन्मणाऱ्या 100 मुलांत 23 वाहक. उद्या हिवताप पूर्ण थांबला, तरी दहा पिढ्यांनंतर शंभरात 11 वाहक उरतातच. शाप, बाहेरची बाधा, 'जातीचे खराब रक्त' या बोलण्याला तसूभरही आधार नाही. हिवतापाच्या मुलखात पूर्वज तगले, त्याची ही खूण आहे.

गावात होणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा थेंब रसायनात टाकतात. नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण द्रावण एएसला गढूळ होते तसेच एसएसलाही. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीचा रिपोर्ट हाती आल्याशिवाय लग्न पक्के करू नये: दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता 25 टक्के.