मुलींचा टक्का आणि विभागांचा घोळ

गेल्या रविवारी बडोद्यात दांडिया बाजारात काकांकडे गेले होते. पोहे पुढ्यात यायच्या आत काकांचा निकाल तयार होता, "मुली मुलांच्या पुढे गेल्या की गं! आता तुमच्या त्या समतेच्या संशोधनाला काम काय उरलं?"

आकडा खरा आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत २०२१-२२ साली मुलींचा सकल नोंदणी दर २८.५ होता, मुलांचा २८.३. त्याच पाहणीत अनुसूचित जातींचा दर २५.९ आणि जमातींचा २१.२ होता, तिथवर काका पोचले नव्हते. 'सकल' म्हणजे कोणत्याही वयाचे विद्यार्थी वर आणि १८ ते २३ वयाची लोकसंख्या खाली. असो. माझा खरा आक्षेप एकूण टक्क्यालाच आहे.

१९७३ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, बायकांपैकी ३५ टक्क्यांना. उघड अन्याय वाटावा असा फरक. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल या संशोधकांनी आकडे विभागवार पाहिले आणि चित्र पालटलं. त्यातले दोनच विभाग घेऊ. विभागांची नावं जाहीर झालेली नाहीत, नुसती अक्षरं आहेत. 'ए' विभागात ८२५ पुरुषांपैकी ५१२ आत गेले, म्हणजे ६२ टक्के. १०८ बायकांपैकी ८९, म्हणजे ८२ टक्के. 'एफ'मध्ये ३७३ पुरुषांपैकी २२ आणि ३४१ बायकांपैकी २४, म्हणजे ६ विरुद्ध ७ टक्के. दोन्हीकडे बायका पुढे. आता बेरीज करा. पुरुष ११९८ पैकी ५३४, सुमारे ४५ टक्के. बायका ४४९ पैकी ११३, जेमतेम २५!

यात जादू काही नाही. एकूण टक्का ही विभागांच्या टक्क्यांची भारित सरासरी असते आणि भार ठरतो अर्जांच्या वाटणीवर. पुरुषांचे दर शंभरांतले ६९ अर्ज सोप्या 'ए'कडे गेले, बायकांचे फक्त २४. बाकीच्या ७६ जणी जिथे जवळजवळ कुणालाच घेत नाहीत त्या दारात उभ्या. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. संख्याशास्त्रज्ञ सिम्पसनचा लेख १९५१ चा, पण यूल या दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञांनी हे १९०३ सालीच दाखवलं होतं.

म्हणजे अन्याय नव्हताच? इथेच लोक चुकतात, चांगले शिकलेलेसुद्धा. विभाग हा रस्त्यातला टप्पा आहे: आधी स्त्री असणं, मग विभागाची निवड, मग प्रवेश. विभाग स्थिर धरला की प्रवेश समितीचा पक्षपात तपासता येतो, पण निवडीआधी जे घडलं ते गणितातून पुसलं जातं. त्या संशोधकांनीही लिहिलं होतं की बायकांना समाज आणि शिक्षण आधीच गर्दीच्या, कमी निधीच्या शाखांकडे वळवतं. कोणता रकाना स्थिर धरायचा हे संगणक सांगत नाही. कशामुळे काय घडतं याचं चित्र आपल्यालाच आधी काढावं लागतं. नुसती माहिती ओतली की एआय विषमता शोधून देईल असं सांगणारे मला पत्रिकेतला विद्यायोग सांगणाऱ्यांच्याच पंगतीतले वाटतात. विद्यायोग म्हणाल तर १९१३ साली आंबेडकर कोलंबियाला गेले ते ग्रहांमुळे नव्हे, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे.

माझा निम्मा दिवस मात्र विरोधाभासात जात नाही. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात सर्व्हिस, सर्विस, नोकरी, जॉब, प्रायव्हेट असं जे काही भरलेलं असतं ते एका नावाखाली आणण्यात जातो. 'पहिली पसंती' बऱ्याचदा कोरी. ते कोरेपण कुणाचं आहे हे मी आधी बघते, कारण कोऱ्या ओळी काढून टाकल्या तर त्यांच्यासोबत माणसंही जातात.

काकांना कागदावर दोन्ही बेरजा करून दाखवल्या. चष्मा लावून त्यांनी स्वतः पुन्हा केल्या, ११३ दोनदा तपासले. तेवढ्यात त्यांची नात आतून आली. दहावी झालीय, गणितात सगळ्यात जास्त मार्क. आणि अकरावी सायन्सला तिच्यासाठी बी ग्रुप ठरलाय, म्हणजे गणित नाही, जीवशास्त्र.

"ए ग्रुप का नाही?" मी विचारलं.

"इंजिनिअरिंगला बाहेरगावी राहावं लागलं तर?" काका म्हणाले आणि कागद घडी करून पेपरात ठेवला.