मेंदू पाण्यात फुगवला अन् मग दिसायला लागला

मागच्या उन्हाळ्यात जालन्याकडं काकांच्या मोसंबीच्या बागेत आळ्यांमध्ये हायड्रोजेलचे दाणे टाकत होतो, साखरेएवढे बारीक असतात, पाणी पिऊन टम्म फुगतात अन् मुळाशी ओल धरून ठेवतात. काकांनी दोन ग्लास घेतले, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात फिल्टरचं, दोन्हीत चिमूट चिमूट दाणे. तासाभरानं फिल्टरच्या ग्लासात जेल वरपर्यंत आलेला अन् बोअरच्यात निम्म्यालाच. पाण्यातले क्षार त्याला फुगू देत नाहीत.

आता हे मेंदूच्या अभ्यासात कुठं येतं ते बघा, मला तर हे लईच भारी वाटलं.

साध्या मायक्रोस्कोपमधून 200 नॅनोमीटरपेक्षा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, एकच डाग दिसतो, भिंग कितीही भारी घ्या, कारण प्रकाश ही लाट आहे. ही मर्यादा 1873 मध्ये अर्न्स्ट आबे यांनी मांडली. अन् मेंदूत दोन पेशी जिथं एकमेकींना निरोप देतात तिथली फट असते जेमतेम 20 नॅनोमीटर. म्हणजे खरा कारभार चालतो तीच जागा दिसत नाही.

2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या एड बॉयडन, फेई चेन अन् पॉल टिलबर्ग यांनी भिंगाचा नाद सोडला अन् मेंदूचा तुकडाच मोठा केला. त्यासाठी वापरलं सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, लेकरांच्या डायपरमध्ये असतं तेच, आपल्या बागेतल्या दाण्यांच्याच जातकुळीतलं. जी प्रथिनं बघायची त्यांना चमकणारा रंग लावायचा, तुकड्यात रसायन मुरवून आतल्या आत जेलचं जाळं तयार करायचं, रंग त्या जाळ्याला बांधून टाकायचा, मग एन्झाइमनं बाकीची प्रथिनं तोडायची, नाहीतर ती घट्ट धरून बसतात अन् फुगताना सगळं फाटतं. शेवटी क्षार नसलेलं शुद्ध पाणी. तुकडा सगळ्या बाजूंनी सारखाच साडेचार पट फुगतो, म्हणजे आकारमान नव्वदएक पट! 100 नॅनोमीटरवरचे दोन ठिपके आता 450 वर गेले, साध्या मायक्रोस्कोपलाही वेगळे दिसतात. वरून तुकड्यात बहुतेक पाणीच उरल्यामुळं तो काचेसारखा आरपार होतो अन् खोलवरचंही दिसतं. 2017 मध्ये त्यांनीच दोनदा फुगवून वीस पटीपर्यंत नेलं.

जिवंत मेंदूवर हे चालत नाही, तुकडा आधी रसायनात पक्का करावा लागतो. पण कोट्यवधीचं मशीन नसलेल्या लॅबलाही, साधा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप (चमकणारे रंग दाखवणारा) अन् शुद्ध पाणी असलं तर, हे करता येतं.