गोठ्याचं पाणी, कर्दळ आणि खडीतले बॅक्टेरिया

गोठा धुतला की जे हिरवट-काळं पाणी निघतं ते बऱ्याच ठिकाणी सरळ ओढ्यात नाहीतर खालच्या बांधाला जातं, आणि पुढे विहिरीत नायट्रेट सापडलं की सगळा दोष एकट्या युरिया खताला. या पाण्यावर एक उपाय आहे, कन्स्ट्रक्टेड वेटलँड, म्हणजे मुद्दाम तयार केलेली पाणथळ जागा. उथळ खड्डा, त्यात शेततळ्याचा प्लास्टिक कागद, वर खडी-वाळू, त्यात पाणकणीस किंवा कर्दळ, आणि पाणी खडीच्या आतून हळूहळू सरकत जातं, उतार असेल तर मोटरसुद्धा लागत नाही. जर्मनीत कॅथे झायडेल या संशोधक बाईंनी १९५० च्या दशकातच झाडं लावून सांडपाणी साफ करायचे प्रयोग सुरू केले होते, आणि आयर्लंडमध्ये वॉटरफर्डच्या ॲन व्हॅलीत डेअरी फार्मचं पाणी झाडं लावलेल्या, एकापाठोपाठच्या उघड्या तळ्यांतून सोडतात.

लोकांना वाटतं झाडंच घाण शोषून घेतात. घेतात, पण थोडीच. खरं काम खडीला आणि मुळांना चिकटलेल्या बॅक्टेरियांचं. मूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो, त्याचं नायट्रेट करणाऱ्या बॅक्टेरियांना हवा लागते, आणि नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडणाऱ्यांना हवा नकोच असते, म्हणून आधी पाणी वरून झिरपणारा वाफा आणि मग आडवा, सतत भरलेला वाफा अशी जोडी लावतात. नुसता आडवा केला तर बराचसा अमोनिया तसाच बाहेर येतो. फॉस्फरस खडीला चिकटतो पण तिचीही मर्यादा असते, काही वर्षांनी ती भरते.

आता सगळ्यात जास्त फसतं ते इथं: शेणासकट पाणी सोडायचं. खडी चोंदते, पाणी वर तुंबतं, डास होतात, आणि अमोनिया फारच जास्त असला तर झाडंही पिवळी पडून मरतात. शेण आधी कोरडंच ओढून गोबरगॅसला नाहीतर उकिरड्यावर टाकायचं, आणि राहिलेलं पाणी गाळ बसायच्या टाकीतून पुढे. ही टाकी वेळोवेळी उपसावी लागते, हे काम कुणालाच आवडत नाही.

बाहेर येणारं पाणी नेपियर गवताला, झाडांना, फरशी धुवायला चालेल. गाई-म्हशींचे सड किंवा दुधाची भांडी धुवायला अजिबात नाही, कच्च्या खायच्या भाजीलाही नको, कारण जंतू खूप कमी होतात पण संपत नाहीत. आणि मीठ तर वेटलँड काढतच नाही, उलट उन्हाळ्यात झाडं पाण्याची वाफ करून हवेत सोडतात आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे काळ्या रानात हे पाणी सोडायच्या आधी त्याचा ईसी, म्हणजे क्षार किती आहेत ते दाखवणारा आकडा, तपासून घ्या.