दुग्धपेढीला आईचं दूध द्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि प्रत्यक्ष पद्धत

मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. तिथलं दूध जातं ते मुख्यतः दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना. सख्ख्या आईला पुरेसा पान्हा फुटलेला नसला, तर पावडरच्या दुधापेक्षा दान केलेलं दूध या बाळांच्या आतड्यांना कितीतरी सुरक्षित.

स्वतःचं बाळ पोटभर पिऊन, वजन नीट वाढत असूनही दूध उरतं, अशी कोणतीही निरोगी आई दान करू शकते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सिफिलिस असेल, गेल्या 12 महिन्यांत रक्त चढवलं असेल, कॅन्सरची औषधं चालू असतील, तर दूध घेत नाहीत. दारू-तंबाखूही चालत नाही. इथे मिशरीचं स्पष्ट सांगा. ‘तंबाखू खात नाही’ म्हणणाऱ्या कित्येक जणी मिशरी लावतात, आणि मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. छातीला सूज आली असेल तर तेवढ्यापुरतं थांबायचं. बरं झाल्यावर देता येतं.

सोबत डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, गरोदरपणातले रक्ताचे रिपोर्ट आणि ओळखपत्र ठेवा. संमतीपत्र पेढीतच भरून घेतात. रिपोर्ट जुने किंवा अपुरे असतील तर पुन्हा रक्त तपासावं लागतं.

दूध हाताने किंवा पंपाने काढतात. मग 62.5 अंशांवर 30 मिनिटं पाश्चरायझेशन, लगेच थंड करणं, नमुन्याचं कल्चर (त्यात जंतू वाढतात का याची तपासणी) आणि उणे 20 अंशांवर साठवण. कल्चरमध्ये जंतू वाढले तर ते दूध फेकून द्यावं लागतं. याचं नेहमीचं कारण म्हणजे घाईघाईत धुतलेले हात आणि पंपाचे न उकळलेले भाग. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. पेढीने घरून आणायची परवानगी दिली असेल, तर त्यांनीच दिलेल्या निर्जंतुक बाटलीत दूध काढा, तारीख-वेळ लिहा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या डब्यातून 24 तासांच्या आत पोचवा. वाटेत बर्फ वितळला तर दूध कामाचं राहत नाही.

दानाचे पैसे मिळत नाहीत. आईच्या दुधाची विक्री करू नये, असं एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) मे 2024 मध्ये स्पष्ट बजावलं आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखीपाळखीतून दूध देणं-घेणंही टाळा. त्यात ना रक्ततपासणी असते, ना पाश्चरायझेशन.

बाळ गमावलेली आईसुद्धा दान करू शकते. पण विषय तिने काढू द्या, नातेवाइकांनी गळ घालू नये.