ॲक्सल स्लीव्ह
ॲक्सल स्लीव्ह : रानवाटांवर चालणाऱ्या चारचाकीच्या अखंड ॲक्सलची (दोन्ही बाजूंची चाके एकाच आडव्या सांगाड्यात जोडणारा ॲक्सल) नळी वाकू नये म्हणून तिच्या पोटात सरकवून वेल्डिंगने पक्की केलेली दुसरी नळी. सातारा-सांगली भागात जुन्या जीप बाळगणारे हौशी लोक हे काम घरच्या शेडमध्ये करतात. त्यातला खराद कामाचा भाग मात्र लेथवाल्याकडेच जातो.

अखंड ॲक्सलात डिफरन्शिअलचे (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांचे) ओतीव हौसिंग म्हणजे कवच, त्यात दोन्ही अंगांनी दाबून बसवलेल्या पोलादी नळ्या आणि पुढच्या ॲक्सलाला टोकांवर नकल (चाक वळवणारा सांधा) असते. गाडीचे वजन पाट्यांवरून (लीफ स्प्रिंगवरून) नळीवर येते, पण चाक पाट्याच्या बाहेरच्या बाजूला असते. चाक दगडावर आदळले की याच अंतराचा तरफेसारखा उपयोग होऊन नळी वर वाकू पाहते. टायर मोठे घातले की बाजूने बसणाऱ्या धक्क्याची तरफही लांबते, म्हणून मोठ्या टायरच्या गाड्यांना हा त्रास आधी होतो. नळी वाकल्याचे पहिले लक्षण टायरवर दिसते: दोन्ही चाके वरच्या बाजूला आत कलतात आणि टायरची आतली कड झिजते. त्यानंतर आतला शाफ्ट सरळ रेषेत राहत नाही, ऑइल सील गळू लागते आणि स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दाते) झिजतात. सील दोनदा बदलूनही गळती थांबत नसेल, तर दोष सीलमध्ये नसून नळीत असण्याची शक्यता मोठी.

स्लीव्हने ताकद किती वाढते, हे मोजून पाहावे. समजा, नळीचा बाहेरचा व्यास 64 मिमी आणि जाडी 6 मिमी आहे. आतला व्यास 52 मिमी झाला. त्यात 6 मिमी जाडीची स्लीव्ह बसवली तर पोलाद जवळपास 79 टक्क्यांनी वाढते, पण वाकण्याला होणारा विरोध साधारण 50 टक्क्यांनीच वाढतो. कारण नळीच्या केंद्रापासून जे पोलाद लांब, ते जास्त काम करते, आणि स्लीव्ह आत असते. तेवढेच पोलाद बाहेरून, वरच्या अंगाला उभ्या पट्टीच्या रूपात लावले तर फायदा अधिक. त्याला ट्रस म्हणतात. तरीही स्लीव्हची बाजू भक्कम आहे: ती दगडाला अडकत नाही, स्टीअरिंगच्या दांड्यांच्या वाटेत येत नाही आणि नकलजवळच्या अडचणीच्या जागेत दुसरे काही बसवायला जागाच नसते. वरच्या मापाच्या स्लीव्हचे वजन मीटरला सुमारे 6.8 किलो भरते, आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली येत असल्याने उगाच लांब स्लीव्ह घालू नये.

प्रत्येक गाडीला हे काम लागू पडत नाही. 2020 नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे पुढे नळीच नाही. 1985 साली आलेली मारुती जिप्सी आणि 2023 मध्ये भारतात आलेली पाच दरवाजांची जिम्नी या दोन्हींना पुढे-मागे अखंड ॲक्सल आहे, पण त्यांच्या हौसिंगची घडण वेगळी. पत्र्याचे दाबून केलेले हौसिंग आतून सरळ नळीसारखे नसेल तर बाहेरून ट्रस लावणेच योग्य. स्लीव्हचे खरे गिऱ्हाईक म्हणजे ओतीव हौसिंग आणि सरळ नळ्या असलेल्या महिंद्राच्या जुन्या जीप, तसेच रँग्लर. अमेरिकेत तयार स्लीव्ह मिळतात त्या मुख्यतः रँग्लरच्या डाना 30 आणि डाना 44 ॲक्सलांसाठी.

साताऱ्याच्या पश्चिमेला जांभा आणि काळा पाषाण, पूर्वेला माण-खटावचे कोरडे ओढे, सांगलीत शिराळ्याचा डोंगर आणि जतचे माळ. दगडावर चाक आपटायला जागा भरपूर. कास पठार, कोयना आणि चांदोली मात्र यातून वगळावेत. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे, आणि तिथे परवानगीशिवाय गाडी घालणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. कारागिरांची या भागात वाण नाही. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून लेथ आणि ओतकाम इथल्या गावांच्या ओळखीचे आहे, आणि उसाच्या ट्रॉल्यांचे आक जोडणारे वेल्डर गावोगाव आहेत. ट्रॉलीचा आक जोडणे आणि ॲक्सलची नळी जोडणे यांत मात्र फरक आहे. ट्रॉलीच्या आकातून फिरता शाफ्ट जात नाही, त्यामुळे तिथे चालणारा थोडासा बाक इथे चालत नाही.

कामाची सुरुवात मापाने होते. नळी आधीच वाकलेली असेल तर स्लीव्ह तो बाक कायमचा करते, म्हणून आधी सरळ करणे, मग स्लीव्ह. नळीचा आतला व्यास तीन-चार ठिकाणी आणि आडवा-उभा दोन्हीकडून घ्यावा. जिथे बाहेरून ब्रॅकेट वेल्ड केलेले असते तिथे नळी आत दबलेली असते, आणि स्लीव्ह नेमकी तिथेच अडते. लेथवाल्याला सीमलेस (बिनसांध्याचा) पाइप द्यावा, पुढच्या तोंडाला उतार काढायला सांगावे आणि 0.05 ते 0.1 मिमी मोकळीक ठेवावी. घट्ट बसवणीचा मोह पुष्कळांना होतो. स्लीव्ह फ्रीजरमध्ये ठेवून ठोकणे हा त्यातलाच उपाय, पण 52 मिमी व्यासाचे पोलाद 30 अंशांवरून उणे 18 अंशांवर नेले तरी जेमतेम 0.03 मिमी आकसते. घट्ट स्लीव्ह अर्ध्या वाटेत अडकली की पुढेही जात नाही, मागेही येत नाही. घणाऐवजी लांब आटेदार सळई, दोन जाड प्लेटी आणि नट यांनी ओढून घेतलेली स्लीव्ह सरळ जाते.

गाडीवरच काम करता येते, पण हौसिंग पूर्ण उतरवून, क्राउन-पिनियन (डिफरन्शिअलचे मुख्य गिअर) आणि सील काढून घेणेच खरे. वेल्डिंगच्या उष्णतेने सील जळते आणि बेअरिंगमधून करंट गेला तर त्याच्या गोळ्यांना डाग पडतात. अर्थ क्लॅम्प म्हणूनच वेल्डच्या अगदी जवळ, उघड्या धातूवर लावतात. गाडीवर करायचे झाल्यास बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि चॅसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) द्याव्यात, नुसत्या जॅकवर विसंबू नये. नळीतले जुने ऑइल पुसताना क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वापरू नये. आर्कच्या संपर्कात त्यापासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो.

स्लीव्ह धरून ठेवायला बाहेरच्या नळीत 12-14 मिमीची भोके पाडून ती वेल्डने भरतात. ही भोके नळीच्या पुढच्या-मागच्या अंगाला घ्यावीत, वर-खाली नव्हे. उभ्या भाराचा ताण वर आणि खाली सर्वांत जास्त असतो. भोक भरताना आर्क आधी तळाशी, म्हणजे स्लीव्हवर धरायचा, तिथे रस वितळून पसरलेला दिसला की गोल फिरवत वर यायचे. वरूनच भरलेले भोक दिसायला छान, पण आत काहीच धरलेले नसते. एका बाजूचे एक भोक, मग समोरच्या बाजूचे, आणि मधे नळीवर हात ठेवता येईल इतपत थंड होऊ देणे. वेल्ड आकसताना नळीला आपल्या बाजूला ओढते, म्हणून घाईने एकाच अंगाला केलेल्या वेल्डने नळी वाकते. 7018 जातीचा वेल्डिंग रॉड वापरत असल्यास कोरडा हवा. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसात उघडा पडलेला रॉड भट्टीत वाळवल्याशिवाय घेऊ नये. नळी आणि ओतीव हौसिंग यांचा सांधा मात्र अनुभवी वेल्डरकडे द्यावा: ओतकाम बिडाचे की पोलादाचे हे ओळखून त्यानुसार रॉड निवडणे, आधी तापवणे आणि सावकाश निववणे हे घरच्या कामात साधत नाही.

मोटार वाहन अधिनियम 1988च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केले. स्लीव्हच्या जोडीने उंची किंवा टायर बदलणार असाल, तर साताऱ्यात एमएच-11 किंवा सांगलीत एमएच-10 च्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

नळी मजबूत झाली की पुढचा धक्का नकलच्या सी आकाराच्या भागावर येतो, त्यामुळे तिथे गसेट (आधाराच्या पट्ट्या) लावण्याचे काम बहुधा त्याच वेळी उरकतात. जोडणी झाल्यावर नवे सील घालून ऑइल भरावे, दोन्ही शाफ्ट हाताने फिरवून कुठे घासत नाहीत ना ते पाहावे आणि चाकांचा कल पुन्हा मोजून लिहून ठेवावा. पहिल्या खडतर फेरीनंतर तीच मापे परत घ्यावीत.