कम्युनिटी कॉलेजातून यूसीला ट्रान्स्फर: आधी मेजर, मग जीई

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसीला जायचं, हा मार्ग तिथली मराठी मुलं घेतात आणि एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर भारतातून गेलेलीही. यात बरेच जण पहिलं वर्ष जीईचे (जनरल एज्युकेशन, म्हणजे सगळ्यांना लागणारे सर्वसाधारण विषय) सुटे विषय उरकण्यात घालवतात आणि दुसऱ्या वर्षी मेजरचा, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचा, विचार करतात. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स किंवा बायॉलॉजी घ्यायचं असेल, तर तोवर उशीर झालेला असतो.

किमान पात्रता अशी: यूसीत ट्रान्स्फर होणारे 60 सेमिस्टर युनिट, म्हणजे श्रेयांक (छोट्या सत्रांच्या क्वार्टर पद्धतीत 90), प्रवेशाआधीच्या स्प्रिंग (वसंत) सत्राअखेर पूर्ण हवेत. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना 2.4, बाकीच्यांना 2.8, एफ-1 वाले दुसऱ्या गटात येतात. शिवाय सात विषयांचा साचा: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक आणि कला-मानव्य, सामाजिक शास्त्रं, विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतून चार. प्रत्येकात सी किंवा वर. एवढ्यानं अर्ज करता येतो. मागणी असलेल्या मेजरला निवड होते ती मेजर प्रेपवर, म्हणजे मेजरसाठी आधी करायच्या पायाभूत विषयांवर.

मेजर प्रेप असिस्ट डॉट ऑर्ग या वेबसाइटवर दिसतं. आपलं कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि मेजर निवडलं की डावीकडे यूसीचा विषय आणि उजवीकडे आपल्या कॉलेजातला समतुल्य विषय येतो. तीन-चार कॅम्पसच्या याद्या शेजारी ठेवा. एकाच मेजरच्या मागण्या कॅम्पसगणिक बदलतात, म्हणून जे विषय सगळीकडे आहेत ते आधी घ्या. ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ दिसलं तर आपल्या कॉलेजात तो विषय नाही एवढंच समजायचं. शेजारच्या कॉलेजात आहे का ते पाहा आणि कौन्सेलरला विचारा. दोन विषयांमध्ये ‘अँड’ असेल तर दोन्ही मिळून एक धरले जातात, एक करून भागत नाही. कॅल्क्युलसची मालिका शक्यतो एकाच कॉलेजात संपवा: सेमिस्टर आणि क्वार्टरच्या कॉलेजांत अभ्यासक्रम वेगळ्या ठिकाणी तोडलेला असतो, मध्येच कॉलेज बदललं की काही भाग सुटतो.

आता विषयांची साखळी शेवटापासून उलटी मोजा. क्वार्टर पद्धतीच्या डी अँझा कॉलेजात कॅल्क्युलस चार क्वार्टरचं आहे. त्यातला एक टप्पा पार केल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, आणि इंजिनिअरिंगचं फिजिक्सही कॅल्क्युलसला बांधलेलं. प्लेसमेंटमध्ये (कोणत्या पातळीपासून सुरू करायचं ते ठरताना) प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात आली, तर एखादं क्वार्टर तिथेच जातं. प्रीरिक्विझिट, म्हणजे आधी पूर्ण हवा असलेला विषय, दुसऱ्या कॉलेजात किंवा भारतात झालेलं असेल, तर ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) देऊन ते रजिस्ट्रेशनच्या तारखेआधी मान्य करून घ्यावं लागतं. नाहीतर सिस्टिम वर्गात घेतच नाही आणि जागा भरून जातात. एफ-1 वाल्यांनी आणखी एक पाहावं: पूर्णवेळ धरण्यासाठी सत्राला एकच ऑनलाइन विषय मोजला जातो. हवा तो विषय फक्त ऑनलाइन असेल, तर बाकीचे प्रत्यक्ष वर्गातले निवडा.

मेजर प्रेपचे विषय लेटर ग्रेडनेच घ्या, पास-नो पासने नको. सी मिळालेला विषय ग्रेड वाढवायला पुन्हा केला तर यूसी ती नवी ग्रेड धरत नाही.

डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस टॅग, म्हणजे अटी पाळल्यास प्रवेशाची हमी देतात. टॅगचा अर्ज 1 ते 30 सप्टेंबर, एकाच कॅम्पसला. काही गर्दीची मेजर त्यातून वगळलेली असतात, ते आधी तपासा. टॅग केला तरी मुख्य अर्ज त्याच मेजरसाठी करावाच लागतो.

मुख्य अर्ज साधारणपणे 1 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबरदरम्यान पाठवायचा. फी प्रत्येक कॅम्पसला 80 डॉलर, परदेशी अर्जदारांना 95. चार प्रश्नांची प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत उत्तरं. त्यातला मेजरच्या तयारीचा प्रश्न सक्तीचा. ट्रान्सक्रिप्ट तेव्हा पाठवायचं नसतं, पण समोर ठेवूनच ग्रेड भरा. भारतातल्या कॉलेजात एकच सेमिस्टर केलं असेल तरी ते दाखवा, गुण मार्कशीटवर आहेत तसेच लिहा, जीपीएत बदलू नका. लपवलेलं उघड झालं तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

जानेवारीत ट्रान्स्फर अकॅडेमिक अपडेट भरायचं: फॉल (शरद) सत्राच्या ग्रेड आणि स्प्रिंगचे विषय. स्प्रिंगमधला मेजर प्रेपचा विषय सोडायचा झाला, तर सोडण्याआधी कॅम्पसला कळवा. प्रवेश स्वीकारल्यावर अंतिम ट्रान्सक्रिप्ट 1 जुलैपर्यंत पाठवायचं. एफ-1 वाल्यांनी कम्युनिटी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला सेव्हिस रेकॉर्ड (अमेरिकी सरकारकडची परदेशी विद्यार्थ्याची नोंद) यूसीकडे पाठवायला सांगावं, कारण ते पोचल्यावरच नवं आय-20, म्हणजे एफ-1 साठी लागणारं विद्यापीठाचं प्रमाणपत्र, हातात येतं.